अक्षर न चुकता मुके झालेले जनुक

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०१३ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात तोंडाच्या कर्करोगावरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतात तोंडाचा कर्करोग ही काही नवलाची गोष्ट नाही. तंबाखू, गुटखा, सुपारी यांच्या देशात पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी तो एक आहे. नवल होते ते निबंधाच्या केंद्रस्थानी असलेल्या जनुकाचे. त्याचे नाव सीडीसी-७३. तोवर वैद्यकाला हे जनुक मुख्यतः एका अतिशय दुर्मीळ व्याधीमुळे माहीत होते. या व्याधीत मानेतल्या परावटू ग्रंथींत आणि जबड्याच्या हाडांत अर्बुदे उद्भवतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याच कुटुंबात वाहत राहते. जगात अशी कुटुंबे मोजकीच नोंदली गेली आहेत. त्यांच्यामुळे सापडलेल्या जनुकाचा तंबाखू खाणाऱ्या सामान्य रुग्णाच्या गालातल्या गाठीशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आधी त्या कुटुंबांपर्यंत जावे लागते.

परावटू ग्रंथी म्हणजे गळ्यात अवटू ग्रंथीच्या पाठीमागे चिकटलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. त्यांत अर्बुद झाले की हाडांतील कॅल्शियम झिरपत रक्तात येते. मूतखडे होतात, हाडे ठिसूळ होतात, सतत तहान लागते, कधी स्वादुपिंडाला सूज येते. अमेरिकी वैद्य चार्ल्स जॅक्सन यांनी १९५८ साली अशाच एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात परावटू ग्रंथींचा अतिस्राव आणि वारंवार होणारा स्वादुपिंडदाह आनुवंशिक रीतीने उतरत होता. एका घराण्याची वंशावळ आणि रक्ततपासणीचे आकडे, एवढेच तेव्हाच्या आनुवंशिकीचे भांडवल होते.

पुढची महत्त्वाची पायरी पडायला ३२ वर्षे लागली. परावटू ग्रंथींच्या अतिस्रावाने हाडांत पोकळ्या पडतात व त्यांत तपकिरी रंगाच्या गाठी होतात, हे शल्यविशारदांना ठाऊक होते. ग्रंथीतले अर्बुद काढले की कॅल्शियम ताळ्यावर येते आणि या गाठी आपोआप भरून निघतात. काही कुटुंबांतल्या जबड्यांच्या गाठी मात्र शस्त्रक्रियेनंतरही तशाच राहत किंवा वाढत. सूक्ष्मदर्शकाखालीही त्या वेगळ्या दिसत. तपकिरी गाठींत आढळणाऱ्या महाकाय पेशी त्यांत नसत. जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडले की या गाठी कॅल्शियमच्या गडबडीचा परिणाम नव्हेत, ती स्वतंत्र अर्बुदे आहेत आणि दोन्ही व्याधींचे मूळ एकच आनुवंशिक दोष असावा. एक गाठ भरून येते आणि दुसरी येत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर एक स्वतंत्र विकार उभा राहिला. आज प्रयोगशाळांत जनुकक्रम वाचणारी यंत्रे आहेत, पण हे काम त्या यंत्रांचे नव्हते. रुग्णाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या वैद्याचे होते.

त्यानंतर वेग वाढला. १९९५ साली हा दोष पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असल्याचे दिसले. २००२ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने जनुकच शोधून काढले. अभ्यासलेल्या १४ कुटुंबांत त्यांना त्या एकाच जनुकाची १३ वेगवेगळी, जनुक निकामी करणारी उत्परिवर्तने आढळली. जनुकाला आधी एचआरपीटी-२ म्हटले गेले; पुढे सीडीसी-७३ हे नाव रूढ झाले, कारण यीस्टमधल्या त्याच नावाच्या प्रथिनाशी त्याचे नाते होते. त्यापासून तयार होणाऱ्या ५३१ अमिनो आम्लांच्या प्रथिनाला ‘पॅराफायब्रोमिन’ असे नाव मिळाले. मानेतली पॅराथायरॉइड आणि जबड्यातला फायब्रोमा, दोघांचीही आठवण त्या नावात आहे.

दुसऱ्याच वर्षी एक अस्वस्थ करणारी भर पडली. परावटू ग्रंथीचा खरा कर्करोग हा तर अत्यंत विरळा. अतिस्रावाच्या शंभर रुग्णांत एखाद्यालाही तो क्वचितच असतो. कुटुंबात कोणताही इतिहास नसलेल्या अशा १५ रुग्णांच्या अर्बुदांपैकी १० मध्ये याच जनुकाची उत्परिवर्तने सापडली आणि त्यांतल्या तिघांत ती जन्मतःच होती. म्हणजे ज्यांना आपला आजार एकट्याचा वाटत होता, त्यांच्या भावंडांना आणि मुलांनाही धोका होता. दुर्मीळ आजाराच्या जनुकशोधाचा सर्वांत थेट उपयोग इथे दिसतो: कोणाचे कॅल्शियम नियमित मोजायचे, कोणाच्या जबड्याची क्ष-किरण तपासणी करायची, हे सांगता येऊ लागले.

हे प्रथिन करते तरी काय? पेशीत डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवणारा एक नक्कलकार असतो, आरएनए पॉलिमरेज-२. तो डीएनएवरून सरकत असताना त्याच्यासोबत पाच-सहा प्रथिनांचा एक ताफा चालतो. त्याला पीएएफ-१ संकुल म्हणतात. पॅराफायब्रोमिन या ताफ्यातले आहे, हे २००५ साली स्पष्ट झाले. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा उमटवायला हा ताफा मदत करतो. कोणता भाग उघडा राहील, कोणता मिटेल, हे पुढे त्या खुणांवरून ठरते. अशा खुणांच्या अभ्यासालाच एपिजेनेटिक्स, अधिजनुकशास्त्र म्हणतात. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली या शब्दाला जन्म दिला तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती. म्हणजे जबड्याच्या दुर्मीळ अर्बुदामागचे हे जनुक स्वतःच अधिजनुकीय खुणांच्या कारभारातला एक कारकून निघाले.

आता बेंगळुरूकडे वळण्यापूर्वी एक हिशेब मांडायला हवा. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली बालकांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या दुर्मीळ अर्बुदाचे ४८ रुग्ण अभ्यासून ‘दोन आघातां’ची कल्पना मांडली. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. पेशीवाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच अर्बुद उद्भवते. आनुवंशिक रुग्णात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, म्हणून त्याला गाठ लवकर होते. या मांडणीत ‘आघात’ म्हणजे अक्षरचूक किंवा तुकडा गळणे, असे बहुतेकांनी धरले. पण १९८९ साली जर्मनीतल्या संशोधकांना काही रेटिनोब्लास्टोमांत आरबी-१ जनुकाच्या आरंभभागावर मिथाइल गटांचा थर आढळला. अक्षरे सगळी शाबूत, तरी जनुक बंद. पानावर मजकूर जसाच्या तसा आहे, फक्त ते पान डिंकाने चिकटवून टाकले आहे.

त्याच १९८९ साली नेदरलँड्समधून आलेली एक हकिकत याहून चमत्कारिक होती आणि ती मानेतल्याच दुर्मीळ अर्बुदांची होती. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या दुभाजनापाशी रक्तातला प्राणवायू जोखणारा एक इवलासा अवयव असतो. त्याच्या अर्बुदांना पॅरागँग्लिओमा म्हणतात. डच कुटुंबांच्या वंशावळी तपासताना लायडनच्या संशोधकांना दिसले की सदोष जनुक वडिलांकडून आले तरच मुलांना गाठ होते. आईकडून आले तर जवळजवळ कधीच नाही. जनुक तेच, चूक तीच, पण ते कोणाच्या हातून आले यावर परिणाम ठरतो. २००० साली हे जनुक सापडले, एसडीएचडी. पेशीच्या ऊर्जानिर्मितीतल्या एका एन्झाइमचा तो भाग. गंमत अशी की एसडीएचडीवर पितृत्वाची वा मातृत्वाची कोणतीही खूण सापडली नाही. लायडनमधूनच पुढे आलेले स्पष्टीकरण असे की अर्बुदपेशीतून आईकडचे अकरावे गुणसूत्रच संपूर्ण गळून जाते. त्याबरोबर एसडीएचडीची चांगली प्रत तर जातेच, शिवाय त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या टोकाजवळचे, केवळ आईकडून आल्यावरच बोलणारे एखादे लगाम-जनुकही जाते. २०१३ साली आणखी एक दुवा जुळला: हे एन्झाइम बिघडले की पेशीत साचणारे सक्सिनेट मिथाइल गट पुसणाऱ्या एन्झाइमांना अडवते आणि जीनोमभर मिथिलीकरण माजते. जनुकीय आणि अधिजनुकीय अशी दोन वेगळी खाती पाठ्यपुस्तकांत असतात. या एका अर्बुदात मात्र ती एकमेकांच्या वहीत लिहिताना दिसतात.

बेंगळुरूमध्ये हा धागा भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अरुण कुमार यांच्या मानवी आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत पकडला गेला. दुर्मीळ आनुवंशिक व्याधींची जनुके शोधणे हे तिथले एक काम आणि तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास हे दुसरे. ही दोन कामे एका छताखाली असणे महत्त्वाचे ठरले. शहराकडे साधनेही होती. किडवाई स्मारक कर्करोग संस्था १९७३ पासून इथे आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मुंबई आणि चेन्नईबरोबर बेंगळुरूची लोकसंख्याधारित नोंदणीही त्यात होती. या नोंदींवरूनच कळते की ‘दुर्मीळ’ हा शब्द किती सापेक्ष आहे. वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण, ही युरोपातली दुर्मीळ कर्करोगाची व्याख्या. त्या व्याख्येने तिथे डोके व मानेचे कर्करोग दुर्मिळांच्या यादीत बसतात. भारतात तेच रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत रांगा लावून उभे असतात. त्यामुळे दुर्मीळ जनुकाचे ज्ञान आणि सामान्य अर्बुदाचा भरपूर पुरवठा यांची गाठ पडण्यास हे शहर योग्य होते.

या प्रयोगशाळेचा पहिला संबंधित निबंध २००८ सालचा. ट्युबरस स्क्लेरोसिस या दुर्मीळ व्याधीत मेंदू, त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांत गाठी येतात. तिची कारणे टीएससी-१ आणि टीएससी-२ ही जनुके. तोंडाच्या कर्करोगात या जनुकांची उत्परिवर्तने शोधली, तर ती मिळाली नाहीत. तरीही जनुकांचा आवाज खाली गेलेला होता आणि टीएससी-२ च्या बाबतीत त्याचे एक महत्त्वाचे कारण आरंभभागावरचे मिथिलीकरण हे होते. रेटिनोब्लास्टोमातला तोच डिंक.

सीडीसी-७३ ची पाळी आली तेव्हा साहजिकच तीच चौकशी झाली. शहरातील कर्करोग शल्यचिकित्सकांकडून रुग्णांच्या अर्बुदाचे आणि शेजारच्या निरोगी ऊतीचे जोडीने नमुने मिळाले होते. बहुसंख्य अर्बुदांत सीडीसी-७३ खालावलेले आढळले. मग एकेक संशयित तपासला गेला. जनुकाची एक प्रत गळाली आहे का? अक्षरचूक आहे का? मिथिलीकरण आहे का? काही नमुन्यांत आणि अभ्यासलेल्या पेशीमालिकांत यांपैकी काहीच नव्हते. आघाताची तिन्ही ओळखीची हत्यारे जागच्या जागी आणि जनुक तरीही मुके.

दोषी निघाला तो एमआयआर-१५५, एक सूक्ष्म आरएनए. हे आरएनए जेमतेम २२ अक्षरांचे असतात. १९९३ साली एका कृमीत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी त्यांचा शोध लावला. त्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले. जनुकाची आरएनए-प्रत प्रथिन बनवण्यासाठी निघते तेव्हा तिला शेवटी एक शेपूट असते. प्रथिन घडवण्याचा मजकूर त्यात नसतो. सूक्ष्म आरएनए त्या शेपटाला जुळून बसतो आणि प्रत वाचली जाऊ देत नाही. एमआयआर-१५५ ची पार्श्वभूमीही कर्करोगाचीच. त्याचे मूळ जनुक कोंबड्यांच्या लसिका-अर्बुदांत विषाणू जिथे घुसतो तिथे सापडले होते आणि मानवी लसिका-अर्बुदांत त्याचे प्रमाण वाढलेले असते हेही माहीत होते. बेंगळुरूच्या नमुन्यांत जिथे एमआयआर-१५५ बेसुमार वाढले होते, तिथे सीडीसी-७३ दबलेले होते.

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून निबंधातला सर्वांत समाधानकारक भाग पुढचा आहे. पेशींत एमआयआर-१५५ बाहेरून वाढवले तेव्हा सीडीसी-७३ घटले, पेशी अधिक जगल्या, त्यांचे स्वनियोजित मरण कमी झाले. एमआयआर-१५५ ला निष्प्रभ करणारा प्रतिरेणू दिला तेव्हा सगळे उलटे झाले. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुजवलेल्या गाठीही लक्षणीय प्रमाणात आक्रसल्या. शिवाय पेशींत घातलेल्या सीडीसी-७३ ला शेपूट आहे की नाही, यावर परिणाम बदलत होता. सूक्ष्म आरएनए नेमका त्याच शेपटावर बसत असेल, तर असेच दिसायला हवे.

चिकित्सक वाचकाने इथे एक खूण करून ठेवावी. यातले काही प्रयोग केबी नावाच्या पेशीमालिकेवर आहेत. १९५० च्या दशकात ती तोंडाच्या कर्करोगापासून मिळाल्याचे सांगितले गेले. नंतर सिद्ध झाले की ती वस्तुतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या प्रसिद्ध हीला पेशींनी दूषित झालेली आहे. जगभरच्या शेकडो निबंधांना ही बाधा आहे. त्यामुळे यंत्रणेचा पुरावा कोलमडत नाही, कारण शेपटाची जुळणी कोणत्याही मानवी पेशीत तीच असते आणि रुग्णांच्या ऊतींचा पुरावा वेगळा आहे. पण उंदरातली आक्रसलेली गाठ ही तोंडाची गाठ होती असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. दुसरी खूण पॅराफायब्रोमिनबद्दल. २००६ साली झुरिचच्या गटाने फळमाशीवर दाखवले होते की हेच प्रथिन बीटा-कॅटेनिनशी जुळून पेशीवाढीच्या जनुकांना चालनाही देऊ शकते. तेव्हा ते केवळ लगाम आहे असे नाही; कोणत्या पेशीत, कोणाच्या संगतीत, यावर त्याचे वर्तन ठरते.

सूक्ष्म आरएनएला ‘अधिजनुकीय’ म्हणावे की नाही, यावर पंडितांत वाद आहे. काटेकोर मंडळी हा शब्द डीएनए आणि हिस्टोनवरच्या, पेशीविभाजनातून पुढे जाणाऱ्या खुणांपुरता राखून ठेवतात. वाद शब्दाचा आहे. रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक बाब ही की जनुकाचे अक्षर बदललेले नाही, म्हणजे तत्त्वतः त्याला पुन्हा बोलते करता येईल. तुटलेले जनुक आणि दाबलेले जनुक यांत हाच फरक आहे.

२०१४ साली त्याच प्रयोगशाळेने दाबण्याची आणखी एक तऱ्हा दाखवली. डब्ल्यूटी-१ नावाचे प्रथिन सीडीसी-७३ च्या आरंभभागावर बसून त्याची नक्कलच उतरू देत नाही. डब्ल्यूटी म्हणजे विल्म्स ट्यूमर, लहान मुलांच्या मूत्रपिंडाचे एक दुर्मीळ अर्बुद. त्या अर्बुदाच्या अभ्यासातून १९९० साली हे जनुक हाती आले आणि त्याची नोंद लगाम म्हणून झाली होती. इथे ते लगाम सोडवणाऱ्याच्या भूमिकेत दिसले. एका दुर्मीळ अर्बुदाने नाव दिलेले जनुक दुसऱ्या दुर्मीळ अर्बुदाने नाव दिलेल्या जनुकाचा गळा दाबते आणि हे सारे घडते देशातल्या सर्वांत सामान्य कर्करोगांपैकी एकात. पाश्चात्त्य कुटुंबांच्या वंशावळींतून मिळालेली ही नावे नसती, तर बेंगळुरूतल्या संशोधकांना गालातल्या गाठीत सुमारे वीस हजार जनुकांपैकी नेमके याच जनुकाचे दार ठोठावण्याचे कारण नव्हते.

याचा व्यवहारातला अर्थ रुग्णालयाच्या कागदावर दिसतो. अर्बुदाचा जनुकक्रम वाचण्याच्या चाचण्या आता भारतात सहज होतात; त्यांतील बऱ्याच बेंगळुरूतच होतात. अहवालात ‘उत्परिवर्तन आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर ते जनुक निर्दोष आहे असे वाचण्याचा मोह होतो. तो अहवाल फक्त अक्षरांबद्दल बोलत असतो. परावटू ग्रंथीच्या गाठीत विकृतिशास्त्रज्ञ पॅराफायब्रोमिनचे रंजन करून प्रथिन आहे की नाही ते पाहू शकतात. ते नाही असे दिसले, तर जनुक तुटले की दाबले गेले, हे काचपट्टी सांगत नाही. पहिल्या उत्तरावर कुटुंबाची तपासणी अवलंबून असते, दुसऱ्यावर कदाचित उद्याचे औषध.

त्या औषधाची वाट अजून लांब आहे. एमआयआर-१५५ ला रोखणारा एक रेणू त्वचेच्या लसिका-अर्बुदासाठी मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला, परंतु या मार्गाने जाणारे कोणतेही औषध अद्याप मंजूर झालेले नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी तर ती पायरीही दूर आहे. एमआयआर-१५५ हे काही निव्वळ खलनायक नाही. ते नसलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती लुळी पडते, असे २००७ सालच्या प्रयोगांनी दाखवले आहे. प्रतिपिंडे घडवणाऱ्या आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्याची गरज असते. म्हणून ते शरीरभर बंद करून चालणार नाही. ते फक्त गालातल्या गाठीत, योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ कसे रोखायचे, या प्रश्नावर काम चालू आहे.